कोकणातल्या लाल मातीसाठी एका गिअरची सायकल: जुळवणीपासून घाटीपर्यंत

जुलैचा शेवट होता. मालगुंडच्या वरच्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, परत येताना मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, चाकाच्या तारांमध्ये गेला. कातळावरच्या डबक्यातून सायकल काढली तेव्हा चेनमध्ये गवत आणि लाल चिखल इतका अडकला होता की लहान चाकं फिरतच नव्हती. मी मात्र पायडल मारत राहिलो. डिरेलर वर ओढला गेला, त्याला फ्रेमशी जोडणारा कान वाकला आणि दोन तारा तुटल्या. पिशवीत चेन कटर होता म्हणून वाचलो. डिरेलर काढला, चेन तोडून आखूड केली, पुढची मधली चकती आणि मागचा मधला दाता (मागच्या चाकाची दातेरी चकती) यांवर ती सरळ चढवली आणि एकाच गिअरवर घरी आलो. वाटेत चेन तीनदा उतरली. पण पाऊस कोसळत असताना, चिखलातून, एकही खडखडाट न करता चालणारी सायकल मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली.

त्या तीन वेळा चेन का उतरली, याचं उत्तर शोधताना मी बाकी सगळं शिकलो. चेन सरळ रेषेत नव्हती आणि तिचा ताण बरोबर नव्हता. एका गिअरच्या सायकलची सगळी जुळवणी या दोन गोष्टींसाठी असते. ताण आणि रेषा साधली की आपल्याकडच्या मातीला, पावसाला आणि खाऱ्या हवेला पुरून उरणारी दुसरी सायकल मला तरी माहीत नाही.

हा प्रकार काही नवा नाही. माउंटन बाइकची सुरुवातच एका गिअरवर झाली. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत १९७०च्या दशकात काही मुलं जुन्या, जाड टायरच्या, मागे पायडल मारून ब्रेक लावायच्या सायकली डोंगरावरून खाली आणत. उतारावर त्या ब्रेकच्या हबमधलं, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातलं, ग्रीस जळून जायचं आणि दर वेळी नवं भरावं लागायचं. त्यावरून त्या रस्त्याचं नावच 'रिपॅक' पडलं. तिथली पहिली शर्यत १९७६ साली झाली. गिअर नंतर आले.

आपल्याकडे तर पाववाले, दूधवाले, मासे घेऊन वाडीवाडीत फिरणारे सगळे एकाच गिअरवर आयुष्य काढतात. फरक इतकाच की त्यांच्या काळ्या सायकलला पुढे बहुधा ४४ किंवा ४८ दात आणि मागे १८ असतात. सपाटीवर ओझं घेऊन चालायला ते ठीक आहे. पण घाटी आली की उतरून ढकलावंच लागतं. आपण जी सायकल करणार आहोत तिचा गिअर याहून बराच हलका असेल.

आधी फ्रेमची मागची खाच बघा

कामाला हात घालण्याआधी मागच्या चाकाचा एक्सल फ्रेममध्ये ज्या खाचेत बसतो ती खाच नीट पाहा. पुढचं सगळं तिच्यावर ठरतं.

खाच आडवी किंवा तिरकी लांब असेल, म्हणजे चाक पुढेमागे सरकवता येत असेल, तर उत्तम. चाक मागे ओढलं की चेन ताणली जाते, वेगळं काही लागत नाही. जुन्या स्टीलच्या माउंटन बाइकमध्ये अशी खाच पुष्कळदा सापडते. घरात, भावाच्या माळ्यावर, भंगारवाल्याकडे अशी फ्रेम दिसली तर सोडू नका. काही नव्या फ्रेममध्ये खाच असलेला तुकडाच स्क्रूवर पुढेमागे सरकतो. तीही चांगली सोय आहे, कारण त्यात डिस्क ब्रेकचा कॅलिपर चाकाबरोबर सरकतो. काही फ्रेममध्ये बीबी, म्हणजे पायडलच्या दांड्यांचा आस जिथे फिरतो ते बेअरिंग, एका विकेंद्री, म्हणजे मध्य एका बाजूला सरकलेल्या, कवचात असते. ते कवच फिरवून चेन ताणता येते, पण त्याच्या फटीत लाल माती गेली की पावसाळाभर करकर ऐकू येते.

खाच उभी असेल, आणि गेल्या वीस वर्षांतल्या बहुतेक गिअरच्या सायकलींची ती उभीच असते, तर चाक सरकत नाही. मग दोन वाटा राहतात. एक म्हणजे टेन्शनर, म्हणजे डिरेलरच्या कानावर बसणारी छोटी फिरती चकती जी चेनला रेटून ताण देते. दुसरी म्हणजे दातांची अशी जोडी शोधायची की चेन आपोआप बरोबर ताणात बसेल. सायकलवेडे लोक तिला 'मॅजिक गिअर' म्हणतात.

या मॅजिक गिअरचं आकर्षण मलाही होतं. हिशेब गोड आहे. बीबीच्या मध्यापासून मागच्या एक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर ४२४ मिमी असेल, पुढे ३२ आणि मागे १८ दात असतील, तर अर्ध्या इंचाच्या ९२ कड्यांची चेन जवळजवळ नेमकी बसते. सुमारे एक मिलिमीटर ढील उरते, आणि हवी तेवढीच ती. पण आपल्या मातीत हा हिशेब टिकत नाही. ९२ कड्यांची चेन म्हणजे सुमारे ११६८ मिमी. ती पाव टक्का झिजली तरी जवळजवळ ३ मिमी लांबते, आणि जांभ्याच्या चिखलात पाव टक्का झिजायला फार दिवस लागत नाहीत. मग चेन लोंबते, आणि चाक सरकवायला जागा नसते. कोरड्या मुलखात राहणाऱ्यांनी मॅजिक गिअर करावा. कोकणात उभी खाच असेल तर टेन्शनर लावा.

टेन्शनरही दोन तऱ्हेचे मिळतात. स्प्रिंगचा टेन्शनर चेन खाली ओढतो. दुसरा पक्का बसवून चेन वर ढकलतो. मी दुसराच सुचवेन. चेन वर ढकलली की ती मागच्या दातांना जास्त कवेत घेते, त्यामुळे जोराच्या पायडलला दातावरून घसरत नाही. शिवाय स्प्रिंगमध्ये चिखल वाळण्याचा प्रश्नच येत नाही. पैसे वाचवायचे असतील तर जुना डिरेलरच टेन्शनर म्हणून चालतो. त्याचे दोन्ही मर्यादेचे स्क्रू फिरवून त्याला मागच्या दात्याच्या बरोबर खाली पक्का करायचा. उन्हाळ्यात हे चालतं. पावसाळ्यात मात्र माझ्या त्या सड्यावरच्या दिवसाची आठवण ठेवा.

गिअर किती ठेवायचा

इथे घाई करू नका. सायकलवर रोज बसणार आहात आणि गिअर बदलता येणार नाही.

हिशेब सोपा आहे. चाकाचा व्यास इंचात घ्या, त्याला पुढच्या दातांनी गुणा आणि मागच्या दातांनी भागा. २६ इंची चाक, पुढे ३२, मागे १६, म्हणजे ५२. हा आकडा मोठा असेल तर गिअर जड, लहान असेल तर हलका. ५२ म्हणजे पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे ४.१५ मीटर पुढे जाते. मागे १८ केले तर आकडा ४६ होतो आणि सायकल सुमारे ३.७ मीटर जाते. २० केले तर ४२ आणि ३.३ मीटर. २९ इंची चाकाला ५२ साठी ३२ आणि १८ लागतात, ४६ साठी ३२ आणि २०, ४२ साठी ३२ आणि २२. २७.५ इंचाला ५२ साठी ३२ आणि १७, ४६ साठी ३२ आणि १९.

जगभर सुरुवातीला ५२ च्या आसपासचा गिअर सांगतात. अलिबागेतल्या आगरांमधल्या सपाट रस्त्यांना तो योग्य आहे. पण रत्नागिरी जिल्ह्यातला रस्ता तसा नाही. गाव खाडीकाठी, समुद्राच्या पातळीवर. पुढचं गावही तसंच. मध्ये शे-दीडशे मीटर उंचीचा सडा. रस्ता वर चढतो, कातळावर जरा सपाट पळतो आणि पुन्हा खाली उतरतो. गणपतीपुळ्याहून जयगडला जा, तिथून जेटीवरून तवसाळला उतरून हेदवी, वेळणेश्वर करत गुहागरला जा, दिवसभर हाच खेळ चालतो. आरे-वारेचा चढ ज्यांनी केला आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

५२ च्या गिअरवर मिनिटाला ५० फेऱ्या मारल्या तर वेग ताशी १२ किलोमीटरच्या थोडा वर असतो. चढावर याहून सावकाश जायचं तर पाय इतके हळू फिरतात की सायकल डुलायला लागते. म्हणजे चढ कितीही असो, तुम्हाला १२ च्या वेगाने चढावंच लागतं. ४२ वर तोच वेग १० होतो. ऐकायला फरक लहान वाटतो, पण घाटीत गुडघ्यांना तो मोठा असतो.

माझा सल्ला असा. तुमच्या घरापासून तुम्ही ज्या चढावर आठवड्यातून तीनदा जाता तो चढ निवडा आणि उभं राहून, श्वास लागला तरी न थांबता वर पोहोचाल असा गिअर घ्या. वर्षातून एकदा करायच्या कुंभार्ली किंवा आंबोली घाटासाठी गिअर निवडू नका. तसं केलंत तर उरलेले सगळे दिवस पाय हवेत फिरत राहतील. मी २६ इंची चाकाला ३२ आणि १८ वापरतो. सुरुवात करणाऱ्याने मागे १८ आणि २० असे दोन दाते घेऊन ठेवावेत. एक दात कमी-जास्त केला तर चाक साधारण ३ मिमी पुढेमागे सरकतं. तेवढ्याला त्याच चेनमध्ये निभावतं.

मागचं चाक: आधी हब ओळखा

गिअरच्या सायकलचा मागचा हब दोन प्रकारचा असतो. दातांचा सगळा संच खाचा असलेल्या दंडगोलावर सरकवून वर कड्याने आवळलेला असेल तर तो कॅसेटचा हब. संच आट्यांवर फिरवून बसवलेला असेल आणि फ्रीव्हीलची टकटक त्या संचातूनच येत असेल तर तो फ्रीव्हीलचा हब. स्वस्त सायकलींना दुसरा असतो.

कॅसेटचा हब असेल तर काम अर्ध्या तासाचं. चेनचा पट्टा असलेल्या पान्याने दाते धरा, कड्याच्या पान्याने कडं सोडा आणि सगळा संच काढा. मग एकच दाता मधोमध बसवा आणि दोन्ही बाजूंना रिंगा भरा. या रिंगा विकत घ्यायची गरज नसते. सायकलवाल्याकडे टाकून दिलेल्या कॅसेटचा ढीग असतो, त्यातल्या दोन दातांमधल्या प्लास्टिकच्या रिंगा मागितल्या तर तो आनंदाने देतो. दाता मात्र एका गिअरसाठी बनवलेलाच घ्या, उंच दातांचा, स्टीलचा आणि बुंध्याशी रुंद. जुन्या कॅसेटमधल्या दात्यांना चेन सहज उतरावी म्हणून मुद्दाम चढउतार दिलेले असतात, आणि आपल्याला तर ती उतरायला नको आहे. बुंधा अरुंद असेल तर तो अॅल्युमिनियमच्या हबात हळूहळू रुतत जातो आणि एके दिवशी निघता निघत नाही.

फ्रीव्हीलचा हब असेल तर फ्रीव्हीलच्या खाचेत बसणारा पाना व्हाइसमध्ये घट्ट धरा, चाक त्यावर पालथं ठेवा आणि दोन हातांनी चाकच घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरवा. खाऱ्या हवेत वर्षानुवर्षं उभ्या सायकलचं फ्रीव्हील गंजून बसलेलं असतं. आदल्या रात्री आट्यांत गंज सोडवायचं तेल सोडून ठेवा. त्या जागी एकाच दात्याचं फ्रीव्हील बसेल, पण ते चाकाच्या आतल्या बाजूला येतं. म्हणून एक्सलवरचे वॉशर डाव्या-उजव्या बाजूला बदलावे लागतात आणि रिम मध्यावर यावी म्हणून तारा पुन्हा ताणाव्या लागतात. चाकाचा आउट, म्हणजे रिमचा वाकडेपणा, काढणाऱ्या सायकलवाल्याचा हात चांगला असेल तरच हे करा. त्याला म्हणा, 'काका, रिम दोन्ही नटांच्या बरोबर मध्ये आणायची आहे.' तो समजतो. १८ दातांचं साधं फ्रीव्हील कोणत्याही तालुक्याच्या बाजारात मिळतं, हा या वाटेचा मोठा फायदा. फक्त ते जाड चेनचं असतं, तर गिअरवाली बारीक चेन त्यावर बसत नाही. अशा वेळी जाड चेनच घ्या. ती पुढच्या बारीक दातांवरही चालते.

पुढची चकती

तीन चकत्यांचा क्रँक असेल तर मधल्या जागेवर ३२ दातांची चकती ठेवा आणि बाकीच्या दोन काढा. बाहेरची चकती गेली की तिचे बोल्ट लांब पडतात, पूर्ण आवळले जात नाहीत. आखूड बोल्ट घ्या. लांब बोल्टखाली वॉशर घालून काम भागतं, पण तपासत राहावं लागतं. सपाट, उंच दातांची चकती मिळाली तर तीच घ्या.

रेषा

आता पहिली मुख्य गोष्ट. पुढची चकती फ्रेमच्या मध्यापासून जेवढ्या अंतरावर, तेवढ्याच अंतरावर मागचा दाता हवा.

पुढचं अंतर असं मोजा. उभ्या नळीच्या कडेपासून चकतीच्या दातांच्या मध्यापर्यंत मोजा आणि त्यात नळीची अर्धी जाडी मिळवा. बहुतेक माउंटन बाइकमध्ये हे ४७ ते ५२ मिमीच्या दरम्यान येतं. मागचं अंतर मोजायला चाक बाहेर काढा. मागच्या हबची रुंदी बहुधा १३५ मिमी असते, म्हणजे अर्धी ६७.५. उजव्या लॉकनटच्या बाहेरच्या कडेपासून दाता किती आत आहे ते मोजा. १७.५ आत असेल तर दाता मध्यापासून ५० मिमीवर आहे. पुढेही ५० असेल तर काम झालं. एक मिलिमीटरचा फरक चालतो, दोनला मी रिंगा बदलतो.

मग चाक बसवा, चेन चढवा आणि मागे वाकून एका डोळ्याने चेनकडे वरून पाहा. मागच्या दात्यापासून पुढच्या चकतीपर्यंत ती दोरीसारखी सरळ दिसली पाहिजे. पायडल उलटं फिरवा. चेन दात्याच्या एका गालाला घासत असेल तर बारीक खर्र आवाज येतो. रेषा बरोबर असेल तर काहीच ऐकू येत नाही.

ताण, म्हणजे खरं काम

चेनची लांबी ठरवताना चाक खाचेत बरंच पुढे ठेवा. चेन दोन्ही दातांवरून फिरवून आणा आणि टोकं जिथे जुळतील तिथे तोडा. चेन एक एक इंचाने कमी होते, म्हणजे चाक सुमारे १३ मिमी सरकतं. खाच तेवढी लांब नसेल तर दात बदलून पाहा. टोकं जोडायला हाताने उघडणारी कडी वापरा. चिखलातून आल्यावर चेन धुवायला काढणं त्यामुळे सोपं होतं.

चाक मागे ओढा, उजवा नट हलका आवळा. मग टायर दोन्ही नळ्यांच्या बरोबर मध्ये येईल असा डाव्या बाजूने चाक सरकवून डावा नट आवळा. आता चेनच्या खालच्या किंवा वरच्या भागाच्या मध्यावर बोट ठेवून ती वरखाली करा. एकूण १० ते १२ मिमी हलली पाहिजे.

पण एकाच जागी मोजून थांबू नका. कोणतीच चकती पूर्ण गोल बसलेली नसते. पायडल हळूहळू फिरवत राहा. एका जागी चेन ताठ होईल, अर्धी फेरी पुढे गेल्यावर ढिली पडेल. ताठ जागी पायडल थांबवा, चकतीचे बोल्ट अर्धा फेरा ढिले करा, आणि दोन दातांच्या मधल्या चेनवर लाकडी मुठीने टकटक मारा. चकती आपल्या बोल्टांवर केसभर सरकते. बोल्ट आवळा, पुन्हा फिरवा, नवी ताठ जागा शोधा. तीन-चार वेळा केलं की फेरीभर ताण जवळजवळ सारखा येतो. मागच्या ताणाचं शेवटचं माप याच्यानंतर घ्यायचं, आणि ते ताठ जागी घ्यायचं.

पहिल्यांदा माझी चेन शहरातल्या एका दुकानात ताणून घेतली होती. तारेसारखी ताणली होती, बोटाने हलतच नव्हती. छान घट्ट झाली असं मला वाटलं. तीन आठवड्यांत बीबीचे छर्रे खरखरू लागले आणि मागच्या हबमध्ये खेळ आला. जास्त ताणलेली चेन प्रत्येक फेरीला बेअरिंग ओढत असते. ढिली चेन उतरते, ताठ चेन बेअरिंग खाते, आणि दोन्हींच्या मधली जागा बोटालाच कळते. दर रविवारी मोजत गेलात तर महिन्याभरात तुमचं बोट मोजपट्टीइतकं खात्रीचं होईल.

चढावर जोर लावला की उजव्या बाजूचा एक्सल पुढे ओढला जातो आणि चाक तिरकं होऊन टायर डाव्या नळीला घासतं. हे होऊ नये म्हणून खाचेच्या मागे चेन ओढणारा छोटा स्क्रू लावतात. तो लावाच. क्विक रिलीजपेक्षा, म्हणजे हाताने सोडायच्या खटक्यापेक्षा, नट असलेला भरीव एक्सल बरा, आणि १५ चा पाना कायम पिशवीत ठेवा. चाक सरकवलं की रिम ब्रेकचे पॅड रिमच्या बरोबर समोर आहेत का ते पुन्हा पाहा. पॅड टायरला लागत असेल तर एका उतारात टायर फाटतो.

चालवणं

पहिले दोन आठवडे हात आपोआप गिअर शोधतात. तो काळ जाऊ द्या.

गिअरच्या सायकलवर चढ पायाशी आला की विचार सुरू होतो. इथे तो पन्नास मीटर आधी सुरू व्हायला हवा. उतार संपत असतानाच पायडल मारून वेग धरा आणि तो चढाच्या पायथ्याशी घेऊन जा. ब्रेक लावून वळणात गेलात तर पुढच्या चढाला हातात काहीच उरत नाही. म्हणून वळण मोठं घ्या. अर्थात समोरून एसटी येत नाही हे पाहून. कोकणातली वळणं आंधळी असतात, आणि वेग राखण्याच्या नादात मधल्या पट्ट्यात जाणं कुठल्याही चढापेक्षा महाग पडतं.

वेग संपायला लागला की उभे राहा. पण पूर्ण पुढे झुकून नाही. डांबरावर चालून जातं, पण लाल मातीच्या चढावर वजन पुढे गेलं की मागचं चाक जागच्या जागी फिरतं. नितंब सीटच्या टोकाच्या किंचित वर, छाती खाली, आणि ज्या पायावर जोर त्याच बाजूचा हँडल हाताने आपल्याकडे ओढायचा. उजवा पाय खाली जाताना उजवा हात ओढतो. ही लय बसली की चढ हातपायांत वाटला जातो. यासाठी हँडल रुंद असलेला बरा. पायडल सगळ्यात वर आणि सगळ्यात खाली असतं त्या क्षणी जोर लागत नाही. तिथे घाई न करता पाय पुढे सरकवा आणि मग दाबा.

चढाच्या मध्यावर गुडघ्यात कळ आली तर उतरा आणि चाला. ज्या चढावर उभं राहूनही मिनिटाला ४० फेऱ्या होत नाहीत तो चढ त्या दिवशी चालायचा. आमच्या वाडीतले एक आजोबा मला घाटीत ढकलताना पाहून म्हणाले, 'दमलास काय रे? बस जरा, पाणी पी.' मी चिऱ्याच्या गडग्यावर बसलो, पाणी प्यायलो आणि उरलेली घाटी चालत गेलो. पुढच्या महिन्यात ती चालवत गेलो.

गिअरवाल्या मित्रांबरोबर जात असाल तर त्यांना आधीच सांगा की चढावर तुम्हाला पुढे जाऊ द्यावं. त्यांच्या मागे हळू जाणं तुम्हाला जमणार नाही. सपाटीवर ते पुढे जातील, तिथे पाठलाग करू नका. ४६ च्या गिअरवर मिनिटाला ८० फेऱ्यांना ताशी १७-१८ किलोमीटर होतात. त्याहून फार वर पाय फिरवलेत तर ढुंगण सीटवर उडायला लागतं.

पावसाळ्यात शेवाळलेल्या पाखाडीवर, म्हणजे चिऱ्यांच्या पायवाटेवर, सायकल चालवू नका, उतरा. त्या चिऱ्यांवर कोणताही टायर धरत नाही. साकवाच्या, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलाच्या, लाकडांवर सरळ रेषेत, ब्रेक न लावता जा. सड्यावर काळ्या कातळात उभं पाणी दिसलं तर त्याची खोली ओळखता येत नाही, वळसा घाला. आणि कातळशिल्पं असलेल्या सड्यांवर, उक्षी, देवाचे गोठणे, कशेळी, बारसू अशा ठिकाणी, सायकल लांब ठेवून चालत जा. हजारो वर्षं टिकलेल्या त्या रेषांवर चाक फिरवायचं काही कारण नाही.

पुळणीवर

समुद्रकाठच्या वाळूच्या ओल्या, घट्ट पुळणीवर एका गिअरची सायकल फार सुंदर चालते. चढ नाही, चेनचा आवाज नाही. पण वेळ साधली पाहिजे. जुना ठोकताळा कोळी बांधवांकडून सगळ्यांनी ऐकलेला असतो: तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती. चतुर्थीला तीनला, अष्टमीला सहाला. ठिकाणानुसार अर्धा-पाऊण तास पुढेमागे. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती दुपारी बाराच्या सुमाराला येते, म्हणजे ओहोटी सकाळी सहाला. शिवाय तेव्हा उधाणाचं पाणी असल्यामुळे ते सगळ्यात लांब ओसरतं. पहाटे उजाडता उजाडता रुंद, टणक पुळण हवी असेल तर हेच दिवस.

टायरची हवा कमी करा. माझं वजन ७० किलो आहे. २६ × २.१ च्या ट्यूबवाल्या टायरमध्ये मी डांबरावर ४०, लाल मातीत ३० आणि पुळणीवर २० पीएसआयच्या आसपास ठेवतो. परत रस्त्यावर येताना पंप मारायला विसरू नका. पुळणीवर पुढचा ब्रेक लावू नका आणि झटक्याने वळू नका. भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत जाऊच नका. तिथे चाकही रुततं आणि नोव्हेंबर ते मार्च या काळात वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं त्याच वाळूत अंडी घालतात. वरच्या वाळूतून गेलेलं चाक घरट्यावरूनही जाऊ शकतं.

मीठ

पुळणीवरून किंवा खाडीच्या पाण्यातून आलात की त्याच दिवशी, आंघोळीच्या आधी, सायकल गोड्या पाण्याने धुवा. बादली आणि मग्गा पुरे. जोराच्या फवाऱ्याने पाणी हब आणि बीबीत शिरतं. चाकं फिरवून पाणी झटका, जुन्या सुती कापडाने चेन पुसा, तासभर वाऱ्याला ठेवा. मग चेनच्या प्रत्येक कडीच्या रोळावर तेलाचा एक थेंब, पायडल वीस वेळा उलटं, आणि बाहेरचं तेल पुन्हा पुसून काढायचं. बाहेर राहिलेलं तेल वाळू धरतं. पावसात घट्ट तेल, मार्च-एप्रिलच्या धुळीत पातळ.

घरात सहज हाताशी असतं म्हणून खोबरेल लावणारे बरेच आहेत. लावू नका. थंडीच्या पहाटे ते चेनमध्ये गोठतं आणि काही दिवसांनी त्याची चिकट पुटं चढतात.

जस्ताचा थर दिलेली चेन घेतलीत तर गंज उशिरा चढतो. स्टीलच्या फ्रेममध्ये अॅल्युमिनियमचा सीटपोस्ट असेल तर खाऱ्या हवेत तो आत चिकटून बसतो. महिन्यातून एकदा बाहेर काढा, पुसा, ग्रीस लावा. पाऊस खाऊन आलेली सायकल सीटपोस्ट काढून थोडा वेळ उलटी ठेवा. नळीतून लाल पाणी बाहेर येतं ते पाहिलंत की हे काम टाळणार नाही.

पहिल्या ५० किलोमीटरनंतर चकतीचे बोल्ट, मागच्या दात्याचं कडं आणि चेनचा ताण पुन्हा तपासा. सगळं जरा बसतं आणि ढिलं होतं. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी मोजपट्टीने चेन मोजा. अर्ध्या इंचाच्या २४ कड्या म्हणजे बरोबर १२ इंच. त्या जागी १२ आणि एक दशांश इंच भरायला लागले की चेन बदला, दातांची वाट पाहू नका. पुढची चकती सपाट असेल आणि तिच्या दातांची एक बाजू झिजून आकड्यासारखी झाली असेल, तर ती काढून उलटी बसवा. दातांची दुसरी, न झिजलेली बाजू कामाला येते. माझी अशी उलटवलेली चकती हा दुसरा पावसाळा काढते आहे.